वीज पडते ती कोणावर?

अक्षय्य तृतीया उलटते, उन्हाचा ताव असह्य होऊ लागतो आणि एखाद्या दुपारी तीन-चारच्या सुमारास आभाळ अचानक काळवंडून येते. वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, वळवाच्या चार सरी कोसळतात आणि तासाभरात सारे शांत होते. शहरातील माणसाला हा पालट सुखावून जातो. खिडकीशी उभा राहून तो ओल्या मातीचा वास घेतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मात्र आतल्या पानावर एक लहानशी बातमी हमखास आढळते. शेतात काम करीत असता वीज पडून शेतमजूर स्त्रीचा मृत्यू, झाडाखाली आसऱ्याला थांबलेले दोघे जागीच ठार, बैलजोडी दगावली. बातमी दोन-चार ओळींची असते. तीत मृताचे नाव, गावाचे नाव आणि पंचनामा झाल्याचा उल्लेख असतो. वाचकाची नजर क्षणभर थबकते आणि पुढे सरकते. मृगाची पेरणी, सोयाबीनची काढणी, परतीचा पाऊस असे हंगाम बदलत जातात. बातमी तीच राहते.

या दोन-चार ओळींच्या बातम्यांची देशभराची बेरीज केली तर काय दिसते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार वीज पडून २०२० साली २,८६२, २०२१ साली २,८८० आणि २०२२ साली २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. २०२२ साली निसर्गाच्या प्रकोपाने झालेल्या एकूण ८,०६० मृत्यूंपैकी शंभरात सुमारे ३६ मृत्यू एकट्या विजेचे होते. महापुराची छायाचित्रे पहिल्या पानावर झळकतात, वादळांना नावे दिली जातात, भूकंपाची वर्षे लोकांच्या तोंडपाठ असतात. विजेचे बळी मात्र एकेक, दोन-दोन असे विखुरलेले असतात. म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

या आकड्यांतील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तीन वर्षे तो आकडा जागचा जवळजवळ हललेला नाही. जी घटना दरवर्षी त्याच ऋतूंत, त्याच प्रकारच्या जागी आणि त्याच थरातील माणसांच्या बाबतीत घडते, तिला ‘दैवी आपत्ती’ म्हणून मोकळे होणे कितपत योग्य आहे? वीज आकाशातून पडते हे खरे. पण तिच्याखाली कोण उभा असेल हे आकाश ठरवीत नाही. ते ठरते जमिनीवर, आपल्या समाजरचनेत. या लेखाचा विषय तोच आहे.

कंगव्यापासून मेघापर्यंत

विजेविषयीचे आपले ज्ञान तोकडे आहे, अशी सबब आज कोणालाही सांगता येणार नाही. शाळकरी वयात कोरड्या केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळलेला आहे. हिवाळ्यात टेरिलिनचा सदरा किंवा लोकरी स्वेटर काढताना होणारी तडतड, अंधारात दिसणाऱ्या ठिणग्या आणि मोटारीच्या दाराला हात लावताच बसणारा चटका या गोष्टीही परिचयाच्या आहेत. दोन पदार्थ एकमेकांवर घासले की एकावरचा विद्युत प्रभार दुसऱ्यावर जातो आणि वाट मिळेपर्यंत तेथेच साठून राहतो. हीच स्थितिक विद्युत. प्राचीन ग्रीकांना ती अंबर नावाच्या पिवळसर राळेत दिसली आणि त्या राळेच्या ग्रीक नावावरूनच विजेला तिचे युरोपीय नाव मिळाले.

वळवाच्या ढगात जे घडते ते तत्त्वतः याहून वेगळे नाही. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगाने वर चढते आणि ढग दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा होतो. त्याच्या वरच्या, गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली थंड झालेल्या भागात बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ, जड गारा एकमेकांवर आदळत राहतात. या असंख्य टकरींत हलक्या स्फटिकांवर धन आणि गारांवर ऋण प्रभार येतो. वाऱ्याचा झोत स्फटिकांना माथ्याकडे नेतो, गारा मध्यावर आणि तळाशी राहतात, आणि अशा रीतीने एकाच ढगात दोन विरुद्ध प्रभार परस्परांपासून दूर साठत जातात. हवा हा उत्तम विद्युतरोधक आहे, परंतु तिच्या सहनशक्तीलाही सीमा असते. ती सीमा ओलांडली की ठिणगी पडते. कंगव्याची ठिणगी केसाएवढी असते, मेघाची काही किलोमीटर लांब असते, इतकाच फरक.

हा फरक किती मोठा आहे हे आपल्याच देशात मोजले गेले आहे. उटी येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘ग्रेप्स-३’ या प्रयोगात १ डिसेंबर २०१४ रोजी माथ्यावरून गेलेल्या एका गडगडाटी ढगातील विद्युतदाब सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचे आढळले. विश्वकिरणांमुळे निर्माण होणाऱ्या म्युऑन नावाच्या कणांच्या संख्येत ढगामुळे पडलेली तूट मोजून हा निष्कर्ष काढण्यात आला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. जमिनीवर पडणाऱ्या विजेचा प्रवाह सामान्यतः ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. तिच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. ही हवा एकाएकी प्रसरण पावते, तिचा धक्का म्हणजेच गडगडाट. उपग्रहांनी केलेल्या मोजणीनुसार पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी ४४ विजा चमकत असतात. त्यांतील बहुसंख्य ढगातल्या ढगातच विझतात. थोड्या जमिनीकडे येतात.

ज्ञान झाले, आता त्याचा उपयोग पाहू. पेट्रोलचा टँकर रिकामा करण्यापूर्वी तो तारेने जमिनीशी जोडण्याची दक्षता घेतात, कारण साठलेल्या स्थितिक विद्युतेची एक ठिणगी अनर्थ करू शकते. उंच इमारतींच्या माथ्यावर सळई आणि तिच्यापासून जमिनीत खोल गेलेली धातूची पट्टी असते. दूरध्वनीचे मनोरे, विमानतळ, दारूगोळ्याची कोठारे या सर्वांना विजेपासून संरक्षण आहे. पेट्रोलला जे संरक्षण आपण विनातक्रार देतो, ते कापूस वेचणाऱ्या बाईला देण्याची वेळ आली की मात्र आपल्याला दैवाची आठवण होते.

घंटा आणि सळई

दैवाचा आधार घेणारे आपणच पहिले नव्हे. युरोपात कित्येक शतके गडगडाट सुरू झाला की चर्चच्या घंटा वाजविण्याची प्रथा होती. घंटानादाने वीज पांगते अशी श्रद्धा होती आणि घंटांवर तशा अर्थाची वचनेही कोरली जात. परिणाम उलटाच होत असे. गावातील सर्वांत उंच वास्तू चर्चचा मनोरा; त्यात टांगलेली धातूची घंटा आणि तिचा भिजलेला दोर हाती धरून उभा असलेला माणूस. १७८४ साली म्युनिक येथे प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडून १०३ घंटावादक मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे.

दुर्दैव असे की यावरचा उपाय तेव्हा सापडलेला होता. बेंजामिन फ्रँकलिनने सुचविलेल्या रीतीने १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली येथे उंच लोखंडी सळई उभारून ढगातील विद्युत खाली आणून दाखविण्यात आली. त्याच वर्षीचा फ्रँकलिनचा पतंगाचा प्रयोग सर्वश्रुत आहे. या ज्ञानाची किंमतही मोजावी लागली. सेंट पीटर्सबर्ग येथे असाच प्रयोग करीत असता १७५३ साली रिशमन हा शास्त्रज्ञ वीज लागून मरण पावला. तरीही मनोऱ्यावर सळई बसविणे म्हणजे ईश्वराच्या कोपात ढवळाढवळ करणे, असे मानणारे पुष्कळ होते. १७६९ साली इटलीतील ब्रेशा येथे वीज पडून एका चर्चच्या आश्रयाने साठविलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. फ्रान्समध्ये सेंत-ओमेर गावातील एका गृहस्थाने घरावर सळई बसविली, तेव्हा शेजाऱ्यांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली आणि ती काढून टाकण्याचा हुकूम झाला. पुढे १७८३ साली अरास येथील न्यायालयात त्याची बाजू मांडून खटला जिंकणारा तरुण वकील म्हणजे रोबेस्पिअर. शास्त्राने सिद्ध केलेली गोष्ट समाजाच्या गळी उतरण्यास तीस वर्षे लागली, आणि तीही भांडून.

आपल्याकडचे चित्र याहून फार निराळे आहे असे समजण्याचे कारण नाही. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत महाराष्ट्रात आजही ऐकू येते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याला पावसाळ्यात घराबाहेर पडू देत नाहीत. विजेला जन्माची रीत कळत नाही, उंची तेवढी कळते. देशाच्या काही भागांत वीज लागलेल्या माणसाला गळ्यापर्यंत शेणात पुरून ठेवतात आणि उपचाराचा मोलाचा वेळ दवडतात. शिकलेल्यांच्याही स्वतःच्या समजुती आहेत. मोबाइल फोन वीज ओढून घेतो, मोटारीच्या रबरी चाकांमुळे आतला माणूस वाचतो, एकदा पडलेल्या जागी वीज पुन्हा पडत नाही, अशी विधाने सुशिक्षित घरांत ठामपणे केली जातात. वस्तुतः मोबाइलचा विजेशी काही संबंध नाही. मोटारीत माणूस वाचतो तो धातूच्या बंदिस्त सांगाड्यामुळे. असा सांगाडा विजेला बाहेरच्या बाहेर वाट देतो हे फॅरडेने १८३६ सालीच दाखवून दिले. आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर तर वर्षाकाठी वीसएक वेळा वीज पडते.

तथापि, अंधश्रद्धा हेच या मृत्यूंचे मूळ कारण आहे, असे म्हणून सारा दोष खेडुतांच्या माथी मारणे हा सोपा आणि अन्याय्य मार्ग होय. झाडाखाली थांबू नये हे आज खेड्यातील पुष्कळांना ठाऊक आहे. तरीही ते झाडाखाली थांबतात. का, हा खरा प्रश्न आहे.

जायचे कोठे?

वीज माणसाला कशी मारते हे आधी समजून घेतले पाहिजे. थेट अंगावर पडून मरणारे थोडे. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या माणसाच्या शरीराकडे झेप घेते, कारण ओल्या लाकडापेक्षा माणसाचे शरीर तिला जवळची वाट वाटते. जमिनीत शिरलेली वीज चहूकडे पसरते आणि तिचा दाब दर पावलागणिक कमी होत जातो. माणसाच्या दोन पायांमध्ये अंतर असेल तर एका पायातून शिरून ती दुसऱ्यातून बाहेर पडते. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणूनच एका झाडाखाली उभा असलेला कळपच्या कळप दगावतो. गवती छपराची झोपडी किंवा मळ्यातील खोपीही सुरक्षित नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार एका विजेच्या थेट आघाताने सर्वाधिक माणसे मेली ती १९७५ साली, त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत. पावसापासून बचाव करण्यासाठी झोपडीत शिरलेली २१ माणसे एका क्षणात गेली.

आता विदर्भातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या शिवाराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. गाव तीन किलोमीटर दूर आहे. वाट बांधाबांधाने आणि चिखलातून जाते. दहा-बारा बाया निंदणीला आल्या आहेत. पश्चिमेकडे ढग चढताना त्यांना दिसतात. परंतु उरलेल्या ओळी पुऱ्या झाल्याशिवाय दिवस भरत नाही, आणि दिवस भरला नाही तर मजुरी कापली जाते. काम उक्ते असेल तर सोडून जाणे म्हणजे स्वतःच्याच हाताने मजुरी कमी करणे. पाऊस अंगावर आला की मग धावाधाव सुरू होते. बांधावर एक बाभूळ किंवा कडुलिंब असतो, पलीकडे गुरांसाठी चार खांबांवर टाकलेले पत्र्याचे छप्पर असते. बाजू उघड्या असलेल्या अशा छपराखाली पावसापासून बचाव होतो, विजेपासून होत नाही. या बायांना ‘झाडाखाली उभे राहू नका’ हा उपदेश शंभर वेळा केला तरी त्यांचा साधा प्रतिप्रश्न शिल्लक राहतोच : मग जायचे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर ज्या समाजांनी दिले तेथे मृत्यू खरोखरच घटले. अमेरिकेत १९४३ साली वीज पडून ४३२ माणसे मेली होती. २०२१ साली ती संख्या ११ वर आली. दरम्यान तेथील लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली आणि आभाळातील विजा काही कमी झाल्या नाहीत. शेतावर राबणाऱ्यांची संख्या घटली, उरलेले बंदिस्त ट्रॅक्टरवर बसू लागले, घरांना नळ आणि विजेच्या तारांचे भक्कम जाळे आले, मोटार हाताशी आली, प्रथमोपचार सुधारले आणि गडगडाट ऐकताच आत जाण्याची सवय मुलांना शाळेतच लागली. म्हणजे आधी निवारा आला, मग उपदेशाला अर्थ आला. आपण मात्र हा क्रम उलटा लावू पाहत आहोत.

इशारा आणि त्याचा शेवटचा टप्पा

इशारा देण्याच्या बाबतीत आपण मागे आहोत असे म्हणता येणार नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने वीज नेमकी कोठे पडली हे टिपणारे संवेदकांचे जाळे उभारले आहे आणि त्याच्या आधारे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील उपयोजन लोकांच्या हाती दिले आहे. आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असल्यास ते सावध करते. ही कामगिरी अभिमानास्पद आहे. परंतु इशारा ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचतो का? निंदणीला गेलेल्या बाईचा फोन पुष्कळदा घरी मुलाच्या हाती असतो, किंवा नसतोच. असला तरी शिवारात संपर्क मिळेल याचा भरवसा नसतो. संदेश पोहोचलाच तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो : जायचे कोठे? पुण्यातील संगणकापासून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षापर्यंतचा प्रवास काही मिनिटांत होतो. अडतो तो गावाच्या वेशीपासून बांधापर्यंतचा शेवटचा टप्पा.

शासन काही करीत नाही असेही नव्हे. वीज कोसळणे ही महाराष्ट्राने राज्याच्या पातळीवरील आपत्ती मानली आहे आणि मृताच्या वारसांना ४ लाख रुपयांचे साहाय्य दिले जाते. हे साहाय्य आवश्यकच आहे. ते वेळेवर आणि कागदपत्रांच्या जाचाविना मिळावे. परंतु ते मृत्यूनंतरचे आहे. मेलेल्याच्या घरी धनादेश घेऊन जाणारी यंत्रणा तयार असते, जिवंत माणसाला आसरा देणारी नसते, ही स्थिती कोणत्याही राज्याला भूषणावह नाही. विजेचे मृत्यू जनजागृतीने टळण्यासारखे आहेत, तेवढ्यासाठी मोठ्या खर्चाच्या उपायांची गरज नाही, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. त्याचा पूर्वार्ध निर्विवाद खरा आहे. टळण्यासारखा मृत्यू न टाळण्याची जबाबदारी मात्र त्यामुळे अधिकच वाढते, हे तो करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे शिवारातील निवारा. प्रत्येक मोठ्या शिवारात, पाणंदीच्या कडेला, चार पक्क्या भिंतींची आणि छताची लहानशी खोली, तिच्यावर वीजवाहक सळई आणि जमिनीत नीट पुरलेली जोडणी, एवढ्याची गरज आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करून साऱ्या देशाला वाट दाखविणाऱ्या महाराष्ट्राला असे काम नवे वाटू नये. पाझर तलाव आणि रस्ते ज्या मजुरांनी खोदले, त्यांच्या डोक्यावर वादळात दोन घटका छप्पर असावे ही मागणी अवास्तव नाही. गावातील शाळा, ग्रामपंचायत कार्यालय आणि समाजमंदिर यांच्यावरही वीज अटकाव यंत्रणा हवी, आणि दरवर्षी मृगापूर्वी तिची तपासणी झाली पाहिजे. जमिनीशी तुटलेली सळई ही नसलेल्या सळईपेक्षाही वाईट, कारण ती खोटा विश्वास देते. ताडाची झाडे लावण्याचा स्वस्त उपाय सुचविला जातो. बांगलादेशाने २०१६ साली विजेला राष्ट्रीय आपत्ती मानल्यावर तसा प्रयत्न केला. पण ताड उंच व्हायला दशके लागतात, आणि उंच झाड पुन्हा माणसाला आपल्याखाली बोलावतेच.

दुसरी गोष्ट मजुरीची. गडगडाट ऐकू येताच काम थांबले पाहिजे आणि थांबलेल्या वेळेची मजुरी कापली जाऊ नये, असा दंडक शासनाने निदान आपल्या कामांवर तरी घालून द्यावा. खासगी शेतावर कायद्याचा हात लगेच पोहोचणार नाही. तेथे ग्रामसभेने संकेत रूढ करावा. शेतमालक बहुधा स्वतःही त्याच बांधावर उभा असतो, हेही विसरून चालणार नाही. हा संकेत त्याच्याही जिवासाठी आहे.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. गावाच्या पाण्याच्या टाकीवर एक भोंगा बसवावा आणि जिल्ह्याहून संदेश येताच तो वाजविण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. त्याचा आवाज जेथे पोहोचत नाही, तेथे स्वतःचा कान आहेच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांस एक किलोमीटर असे अंतर निघते. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे आत जाण्याची वेळ झाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. उघड्यावर गाठले गेल्यास एकेकट्या झाडापासून, तारेच्या कुंपणापासून आणि पाण्यापासून दूर व्हावे, घोळका करू नये, पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. हे केवळ नाइलाजाचे उपाय आहेत; निवाऱ्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

चौथी गोष्ट उपचाराची. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावण्यास भिण्याचे काहीच कारण नाही. हृदय आणि श्वास थांबल्यामुळे मृतवत दिसणारा माणूस तत्काळ छाती दाबून आणि कृत्रिम श्वास देऊन पुष्कळदा वाचविता येतो. म्हणून एकाच वेळी अनेकांना वीज लागली असेल तर निपचित पडलेल्याकडे आधी धावावे. हे तंत्र प्रत्येक गावातील दहा तरुणांना आणि आशा सेविकांना शिकविणे हे एका दिवसाचे काम आहे.

पाचवी आणि शेवटची गोष्ट चौकशीची. कारखान्यात कामगार मेला तर अपघात का झाला, कोणी काय केले नाही, याची तपासणी होते. विजेने मेलेल्या मजुराचा पंचनामा होतो, तपासणी होत नाही. तो कोठे उभा होता, इशारा मिळाला होता का, जवळचा निवारा किती अंतरावर होता, काम का थांबले नव्हते, हे चार प्रश्न पंचनाम्याच्या कागदावर छापले गेले तरी पाच वर्षांत निवारे नेमके कोठे हवेत याचा नकाशा आपोआप तयार होईल.

खर्चाचा प्रश्न निघेलच. तो निघावा, पण त्याच्या दोन्ही बाजू मांडल्या जाव्यात. दरवर्षी वारसांना दिली जाणारी रक्कम, दगावलेली जनावरे, कमावता हात गेल्याने शाळा सोडावी लागणारी मुले, हे सारे एका रकान्यात लिहावे आणि निवाऱ्यांचा खर्च दुसऱ्यात. हा हिशेब एखाद्या जिल्हा परिषदेने प्रामाणिकपणे मांडून पाहावा. हवामान तापत आहे हेही त्यात धरावे. तापमान एक अंशाने वाढल्यास अमेरिकेत विजा सुमारे १२ टक्क्यांनी वाढतील असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्तविलेला आहे. आपल्याकडे हे प्रमाण नेमके किती असेल याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आजचेच प्रमाण पुरेसे मोठे आहे.

वीज ही शत्रू नव्हे. ती हवेतील नत्र जमिनीला मिळवून देते, वळवाबरोबर येते आणि पेरणीची चाहूल देते. शेतकऱ्याला ती हवीहवीशी वाटणाऱ्या ऋतूचीच दूती आहे. ती थांबविणे कोणाच्या हाती नाही आणि तशी गरजही नाही. तिच्या वाटेत उघड्यावर उभा राहण्यावाचून गत्यंतर नसलेला माणूस मात्र आपण तिच्या वाटेतून बाजूला घेऊ शकतो. पुढच्या वळवानंतर ती दोन ओळींची बातमी पुन्हा छापून येईल. ती वाचताना ‘बिचारा, त्याची वेळ भरली होती’ असे म्हणण्यापूर्वी, त्याच्यापासून जवळचा निवारा किती दूर होता, एवढे आपण विचारू लागलो तरी शासनाला उत्तर तयार ठेवावे लागेल.